सूर्याकडून आणलेली वेळ

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावरच्या वाडीत घड्याळं दोनच होती. एक गोमाजीचं, दुसरं मालोजीचं, आणि त्या दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. मालोजीचं कायम अर्धा तास पुढे. त्यापायी पोलादपूरची मोटार कुणाची हुकली की वाडीत दोन तट पडत. शेवटी पंचांनी ठरवलं, ज्याचं घड्याळ खरं त्यानंच वाडीला वेळ सांगायची, दुसऱ्यानं आपलं घड्याळ पेटीत घालायचं.

"मी येळ थेट सूर्याकडनं घेऊन येतो," गोमाजी मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "मग बघू कोण बोलतो."

ही नुसती फुशारकी नव्हती. त्याचा मुलगा भागोजी मुंबई सोडून इंदूरच्या गिरणीत लागला होता. तिथून उज्जैन जवळ, आणि उज्जैनला एका राजाने बांधलेली वेधशाळा, जिथे सावलीवरून वेळ मोजतात. गोमाजी बायकोला, राहीबाईला, घेऊन दासगावच्या बंदरातून आगबोटीने मुंबईमार्गे निघाला. राहीबाईने सुनेसाठी आमसुलांचं गाठोडं घेतलं होतं. बोटीत लाट येऊन ते भिजलं, आणि भागोजीच्या खोलीत उन्हाचा कवडसाही शिरत नव्हता. म्हणून उज्जैनला एका दिवसासाठी जाताना तिने ते गाठोडंही काखोटीला मारलं.

वेधशाळेत चुनेगच्ची जिना सरळ आभाळात चढत गेला होता आणि वर पोचल्यावर नुसताच संपला होता. गोमाजी चढून पार टोकाला बसला. खाली दगडी कमानीवर जिन्याची सावली सरकत होती. वाडीत ऊन डोंगर ओलांडून उशिरा येई आणि लवकर जाई. इथे अख्खा दिवस त्याच्या डोळ्यांदेखत पायी चालला होता. गोमाजीचं मन भरून आलं. जन्मभर ज्या वेळेमागे आपण धावलो ती इतकी सावकाश चालते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मोटार, मालोजी, पंच, सगळं त्याच्या मनातून उतरलं.

खाली राहीबाईलाही जागा पसंत पडली होती. तापलेला, स्वच्छ, उताराचा दगड! तिने वेळेच्या रेघांवर आमसुलं ओळीने पसरली. पहारेकरी धावत आला. तो शिंद्यांच्या राज्यातला मराठी माणूस, त्यामुळे त्याचं रागावणं तिला नीट समजलं. मग आमसुलं वेचायला मदत करता करता त्याने ही वेधशाळा काय आहे तेही तिला सविस्तर सांगितलं.

सावली जिन्याच्या पायथ्याशी आली तेव्हा बारा वाजले. गोमाजीने घड्याळ काढलं, काटे अगदी जरासे सरकवले. म्हणजे आपलंच घड्याळ खरं होतं! तो जिना उतरला तो तरंगतच. परतीची गाडी दीडची होती. त्याच्या घड्याळात सव्वा वाजता दोघं स्टेशनात पोचली, तर फलाट रिकामा आणि भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन.

"सूर्य खोटा बोलंल काय?" गोमाजी म्हणाला.

"नाय," राहीबाई म्हणाली. "पन आगगाडी सूर्यावर चालत नाय. सावलीत अर्धा घंटा मिळवायचा, मग रेल्वेची येळ, असं तो पहारेकरी म्हनला."

"मग मला का नाय सांगितलंस?"

"मला वाटलं तुमाला ठावं असंल. घड्याळ तुमचं."

गोमाजी संध्याकाळच्या गाडीपर्यंत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. मोटारही सूर्यावर चालत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. मालोजी जिंकला होता.

वाडीत परतल्यावर तो पंचांकडे न जाता आधी मालोजीच्या खळ्यावर गेला आणि आपलं घड्याळ त्याच्यापुढे ठेवलं. "तुजंच खरं. आजपासनं तू सांग येळ."

मालोजीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "कुनाला बोलू नको. माजं घड्याळ दोन वर्सं झाली बंद हाय."

"मग येळ सांगतोस कशी?"

मालोजीने खळ्यातला एक दगड दाखवला. मोटार सुटायच्या वक्ताला डोंगराची सावली त्या दगडाला टेकते. ऋतूगणिक ऊन कलतं, तसा तो दर महिन्याला दगड थोडा सरकवतो.

गोमाजी दगडाशेजारी बसला. सावली सावकाश येत होती, तिथल्यासारखीच.

"मग मी एवढा उज्जैनपातूर कशाला गेलो?" घरी आल्यावर त्याने विचारलं.

राहीबाई आमटीत आमसूल टाकत होती. गाठोड्यातली उरलेली तिने परत आणली होती.

"असं कसं?" ती म्हणाली. "किती छान सुकली बघा."