अध्यक्षांच्या चुकांचा फळा

आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक काळा फळा आहे. इतर सोसायट्यांत असल्या फळ्यावर 'कचरा टाकू नये' नाहीतर गणपतीची वर्गणी असलं काहीबाही असतं. आमच्याकडं अध्यक्षांच्या चुका असतात. लिहितं कोण? खुद्द अध्यक्ष! नंबर टाकून, खाली सही करून.

'चूक सव्वीस. मोटर लावून पेपर वाचत बसलो. टाकी वाहिली. वि. गायके.'

'चूक सत्तावीस. टाकी का वाहिली असं शिंदेवहिनींनी विचारलं, तेव्हा पाइप फुटला म्हणालो. पाइप धडधाकट आहे. वि. गायके.'

'चूक अठ्ठावीस. चूक सत्तावीसमध्ये शिंदेवहिनींचं नाव यायला नको होतं. त्या रागावल्या. वि. गायके.'

विश्वंभर गायके म्हणजे आमचे आप्पा. मूळचे देवगाव रंगारीचे. जन्मभर एका कंपनीत शिफ्ट सांभाळली आणि रिटायर झाल्यावर गारखेड्यात, आमच्या तळमजल्यावर राहायला आले. काकू दोन वर्षांत गेल्या. मुलगा पुण्याला. सोसायटीच्या सभेत 'अध्यक्ष कोण होणार?' असं विचारल्याबरोबर आम्ही सगळे आपापल्या चपला शोधायला लागलो आणि आप्पा तेवढे बसून राहिले. अशी त्यांची एकमतानं निवड झाली.

आता आमच्या शहरात सोसायटीचा अध्यक्ष म्हणजे पाण्याचा अध्यक्ष. नळाला पाणी पाचव्या दिवशी, नाहीतर सहाव्या, नाहीतर पाणी सोडणाऱ्या लाइनमनच्या मनात येईल तेव्हा. ते खालच्या हौदात धरायचं, मोटरनं वरच्या टाक्यांत चढवायचं आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचं. यात माणसाची जेवढी परीक्षा होते तेवढी संसारातसुद्धा होत नाही.

पहिल्याच सभेत आप्पांनी विचारलं, "हे समदं आपण करायलोत, ते कशासाठी?"

"पाण्यासाठी, आप्पा," आमचे सेक्रेटरी लहाने वकील म्हणाले.

"ते व्हय. पण नेमकं कशासाठी?"

मग आप्पाच बोलले, "बी विंगला तिसऱ्या मजल्यावर सबिहा आपांच्या मोरीत नळ हाय. सगळ्यात शेवटचा. त्याला धार लागली तर आपलं काम झालं. नाय लागली तर अध्यक्ष नापास."

तेव्हापासून दर पाण्याला आप्पा तीन जिने चढून तो नळ सोडून बघायचे. एकदा आपांच्या मुलीला, नाझियाला, बघायला पाहुणे आलेले. आप्पा आत शिरले, सगळ्यांना सलाम केला, मोरीत जाऊन नळ सोडला, बाहेर येऊन म्हणाले, "पास!" आणि निघून गेले. नवऱ्यामुलाच्या बापाला वाटलं, मुलीकडच्या वडीलधाऱ्यानं पोरगा पास केला. तो इतका खूष झाला की तिथंच लग्न ठरलं.

मी बी विंगला, दुसऱ्या मजल्यावर. बँकेत नोकरीला आहे, आणि भांडणात सोसायटीत माझा पहिला नंबर आहे, उगाच खोटं कशाला बोलू? पण आप्पांशी भांडण म्हणजे शिक्षा. फणफणत जाऊन बेल दाबावी, तर दार उघडून म्हणणार, "या ताई. मनसोक्त बोला. पण चहा घेत बोला." हातात गरम कपबशी असताना माणूस भांडणार कसा? बरं, आपण चूक सांगायच्या आधीच हे कबूल. "झाकलेली चूक नासती बघा. उघडी ठेवली की वाळून जाती." आणि मग त्या चुकीखाली फळ्यावर नवा नियम यायचा: 'मोटर चालू, तर पेपर बंद.'

एकोणपन्नासाव्या चुकीनं मात्र कहर केला.

नाझियाची मेहंदी होती. आपांकडं चाळीसेक पाहुणे येणार. एवढे लोक आपलं पाणी पिणार म्हणून आप्पांनी आदल्या दिवशी हौद धुवायला काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची पाळी होतीच. स्वतः पायजमा खोचून हौदात उतरले, उरलंसुरलं पाणी उपसून टाकलं आणि तळ असा घासला की तिथं पंगत मांडावी. सकाळी सहाला हौदाच्या कडेला बसून वाट बघायला लागले. सात वाजले. आठ वाजले. नऊ वाजता कळलं, मोठी लाइन फुटली, पाळी दोन दिवस पुढं गेली.

हौद चकचकीत. वरच्या टाक्या तळाला. आणि संध्याकाळी मेहंदी!

सगळी सोसायटी फळ्यापाशी गोळा झाली. लहाने वकील ओरडले, "आप्पा, राजीनामा द्या!"

"देतो. पण उद्या," आप्पा म्हणाले. "आज पाणी आणायचंय."

आधी त्यांनी चूक लिहिली, ठसठशीत अक्षरांत. मग बिडकीनच्या पुतण्याला फोन लावला. दुपारी ट्रॅक्टरचा टँकर दारात उभा राहिला आणि त्याच मिनिटाला लाइट गेली. मोटर बंद. आता हे पाणी वर चढवणार कोण? आप्पांनी घागर खांद्यावर घेतली आणि जिना धरला. सत्तरीचा माणूस! तिसऱ्या खेपेला त्यांना धाप लागली. चौथ्या खेपेला लहाने वकिलांनी शिव्या देत देत ती घागर काढून घेतली. मग काय, जिन्यावर रांगच लागली. मी बँकेतून अर्धी रजा टाकून आले होते, तीही बादल्या वाहण्यात गेली. पण शेवटी मेहंदीचे हात धुवून वर चार घागरी शिल्लक राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सभा. आप्पा राजीनाम्याचा कागद घेऊन उभे राहिले. हे काम गेलं तर हा माणूस सकाळी उठणार कशासाठी, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. मला तर खाली बघावंसं वाटलं.

सबिहा आपा उठल्या. "वकीलसाब, तुम्हारी अक्कल पे पत्थर पड़े क्या? इत्ता नुकसान करके ये एक आदमी सीखा. इसकू निकालके नवा लाए, तो उने फिर से हौद नहीं धोयेगा क्या?"

कागद आपांनीच फाडला. फळ्यावर नियम आला: 'हौद धुवायचा तो नळाला धार लागल्यावरच.'

त्यानंतर आप्पा पाण्यात असे तयार झाले की विचारू नका. लाइनमनच्या सायकलच्या आवाजावरून दाब किती येणार ते सांगायचे. सहा महिने झाले, टाकी वाहिली नाही, कुणाचा नळ कोरडा राहिला नाही. फळा कोरा. आम्ही येताजाता कौतुक करायचो, "वा आप्पा, फळा साफ!" आणि जिना चढून जायचो. पाणी भरपूर असलं की अध्यक्षाची बेल कोण वाजवतं?

परवा सकाळी बँकेला निघाले, तर फळ्यावर ताजं अक्षर. 'चूक पन्नास. काल बी विंगला पाणी कमी सोडलं. वि. गायके.'

मी थबकले. कमी कुठलं? काल तर मी पडदे धुतले, गोधड्या धुतल्या, वर पाणी उरलं. म्हटलं, म्हाताऱ्याचा काहीतरी घोटाळा झालाय, सांगून जावं.

दार उघडंच होतं. बैठकीत चार खुर्च्या पुसून मांडलेल्या. आप्पा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडं बघत बसलेले. आत चहा उकळत होता.

"या, ताई!" ते लगबगीनं उठले. "भांडायला आलात न्हवं?"

मी एकदा त्या चार खुर्च्यांकडं बघितलं. सहा महिन्यांत मी या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. लाज वाटली स्वतःची. भांडायला कारण नव्हतं म्हणून साधी विचारपूस करायलाही आले नव्हते मी.

खांद्यावरची पर्स काढून खुर्चीवर आपटली. "मग काय तर! लावलंय काय तुम्ही, आप्पा? आम्ही माणसं आहोत की नाही? घोटभर पाण्याला महाग केलंत की हो आम्हाला!" गेल्या दहा वर्षांत घरात भांडले नसेन इतकी भांडले. आप्पा मान खाली घालून ऐकत होते, आणि गालातल्या गालात हसत होते.

मग मी जिन्यात जाऊन वर हाक मारली, "सबिहा आपा, लहाने वकिलांना घेऊन खाली या! आप्पांनी पाणी कमी सोडलंय!"

"हमारे यहाँ तो टब भरके है!" वरून आवाज आला.

"तरी या म्हणते ना!"

मागून आप्पा कप विसळत होते. "सावकाश येऊ द्या त्यास्नी, ताई," ते म्हणाले. "मला कुठं जायचं नाय."