ठकीसाठी स्थळ

निवडणूक लागली की आमच्या शेजारच्या नानांची ठकी माहेरी जायची. ठकी म्हणजे मुलगी नव्हे, नात नव्हे, मांजरही नव्हे. ठकी म्हणजे नानांचं रिव्हॉल्व्हर, आणि माहेर म्हणजे पोलीस स्टेशन.

निवडणुकीच्या काळात लायसनवाल्यांना आपापली हत्यारं पोलिसांकडे जमा करावी लागतात. बाकीचे लोक पिशवीतून नेतात, पावती घेतात आणि सुटतात. नाना आदल्या दिवशी ठकीला तेल लावायचे, फलाटिणीच्या मऊ फडक्यात गुंडाळायचे, वरून बायकोच्या जुन्या साडीची पिशवी, आणि रिक्षा करून न्यायचे. "दमट जागी ठेवू नका हवालदारसाहेब, तिला मानवत नाही," असं बजावून यायचे. मग चार दिवस झाले की भेटायला जायचे. शेवटी एकदा हवालदार वैतागले. म्हणाले, "अहो नाना, निकाल लागेपर्यंत तरी दम धरा! पोरगी नांदायला पाठवल्यासारखे येताय."

"नांदायला नाही, माहेरी," नाना म्हणाले. "नांदते ती माझ्याकडे."

नाना साताऱ्याकडचे. आधी मिलिटरीत होते, मग भोसरीच्या एका कंपनीत सिक्युरिटीला. तेव्हा कामगारांचा पगार रोख व्हायचा. बँकेतून पेटी निघाली की जीपमध्ये पेटीशेजारी नाना, आणि नानांच्या कमरेला ठकी. एवढ्या नोकरीत एकही गोळी झाडली नाही. आता तळवड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं दार माझ्या दारासमोर. मूलबाळ नाही. काकू जाऊनही बरीच वर्षं झाली.

त्यांचा एकच शब्द सगळ्या कामाला चालतो. "शिस्तीत!" पोरं जिन्यावरून धावली की शिस्तीत. पाण्याचा टँकर आला आणि बायकांची रेटारेटी झाली की शिस्तीत. माझ्या कुकरच्या शिट्ट्या लागोपाठ झाल्या की समोरून आवाज यायचा, "सुमन, शिस्तीत!" आता कुकरला मी काय सांगणार?

घरात संग्रह आहे. भिंतीवर शिट्ट्या, टॉर्च, आणि ओळीनं टांगलेली मोठमोठी कुलपं. ज्या ज्या कंपन्या कायमच्या बंद पडल्या त्यांच्या गेटची कुलपं नानांनी मागून आणली आहेत. किल्ल्या कुणाकडेच नाहीत. नाना तरी त्यांना दर शनिवारी तेल देतात. ह्या सगळ्या संग्रहाची राणी म्हणजे ठकी.

मग नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हातही थरथरायला लागला. कप बशीत नाचायचा. लायसनचं नूतनीकरण करायला गेले तर साहेब म्हणाले, "नाना, आता बास. दिवाळीपर्यंत कुणा लायसनवाल्याला विका, नाहीतर कायमचं जमा करा. मालखान्यात राहील."

घरी आले ते लालबुंद होऊन. "मालखान्यात? चोरांचे सुरे, गावठी कट्टे, त्यांच्या पंक्तीला माझी ठकी? मुळीच नाही. चांगलं घर बघून देईन."

पुण्यातल्या बंदुकीच्या दुकानात त्यांनी सांगून ठेवलं, की वापरलेलं रिव्हॉल्व्हर विकायचं आहे, रविवारी दहा वाजता घरी येऊन बघावं. आणि मला म्हणाले, "सुमन, पोहे तू करायचेस."

मी म्हटलं, "नाना, पोहे कशाला?"

"बघायला येणार ना लोक! रिकाम्या तोंडी पाठवू?"

मला परक्या माणसांसमोर जायचं म्हणजे घाम फुटतो. तसं सांगितलं तर नाना खूशच झाले. "म्हणून तर तू हवीस. पुढ्यात बसलेला माणूस गोडच बोलतो. खरा दिसतो तो दाराआडून. तू स्वयंपाकघरात उभी राहा आणि बघ. पसंत पडला तर चहात आलं टाक. नाही पडला तर बिनआल्याचा. मी घोट घेतला की समजेन."

असं माझ्या आल्यावर ठकीचं नशीब ठरायला लागलं.

पहिले आले ते चाकणकडचे. जमीन कंपनीला गेलेली, पांढरी गाडी, गळ्यात साखळी, सोबत दोन मित्र. आधी त्यांनी विचारलं, "कितपत वापरलंय नाना?"

"एकही गोळी झाडलेली नाही."

"मग नवंच की! वापरलेलं कशाला म्हणता?"

"रोज पुसलंय, रोज हातात घेतलंय. वापर म्हणजे काय नुसतं ठो ठो करणं?"

"बरं बरं. तुमी फकस्त आकडा बोला राव."

"आकडा मागाहून. आधी सांगा, राग येतो का?"

"येतो की! लई येतो. आमच्या घराण्यालाच हाय."

"कुणाचा येतो?"

"कुनाचाबी! टोलनाक्यावर तर इचारूच नका."

मित्रानं त्यांना कोपरानं ढोसलं. "भावा, टोलनाक्याचं नको सांगू ना."

मी आल्याचा तुकडा परत टोपलीत टाकला. नानांनी घोट घेतला, उभे राहिले आणि हात जोडले. "कळवतो."

दुसरे एक आले, त्यांना धाकट्या भावाच्या वरातीसाठी हवं होतं. "दोनच बार, नाना. ते पण वर, हवेत." नानांनी त्यांच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. तोंडात घास होता तेवढाच त्यांना मिळाला.

एक जण बायकोला घेऊन आले. नानांच्या सगळ्या प्रश्नांतून ते चांगले पार पडत होते. मी आलं किसायलाही घेतलं होतं. तेवढ्यात बायकोनं तोंड उघडलं. "अहो, ह्यांना आधी गिझर बंद करायचं तरी आठवू दे. मग काय ती बंदूक!" नवरा गेला तोंड पाडून. नानांनी बाईंना आग्रह करकरून आणखी पोहे वाढले.

रविवार मजेत चालले होते. नाना पहाटे उठून दाढी करायचे, खुर्च्या मांडायचे, नऊ वाजल्यापासून खिडकीत उभे. बिल्डिंगमधल्या बायका मला जिन्यात विचारायच्या, "काय गं, जमलं का ठकीचं?" मला सांगायला काहीतरी असायचं, हीच मोठी नवलाई.

दिवाळी तोंडावर आली आणि पिंपरी कॅम्पातले एक सराफ आले. सडपातळ, साधे. चपला भिंतीकडे नीट लावल्या. लायसन न मागता पुढे ठेवलं. ठकीला हात लावायच्या आधी "घेऊ का?" विचारलं, आणि पहिला प्रश्न केला, "तेल कोणतं लावता?"

मी दाराआड उभी होते तिथूनच आलं सोलायला घेतलं.

"राग येतो का?" नाना म्हणाले.

"येतो. मग मी शटर अर्धं खाली ओढतो आणि आत बसून राहतो."

"घरात लहान मूल?"

"नातू आहे. म्हणून तर भिंतीत लोखंडी कपाट बसवून घेतलं. किल्ली माझ्या गळ्यात."

मी मोठा तुकडा ठेचला आणि सगळा चहात लोटला. घरभर वास सुटला. सराफ पहिल्याच घोटाला ठसकले. नानांनी घोट घेतला. आणखी एक घेतला. कप खाली ठेवला.

"सुमन, आलं संपलं वाटतं?"

सराफ म्हणाले, "छे हो, आहे की. चांगलं झणझणीत."

"मला तर लागलं नाही," नाना भिंतीवरच्या कुलपांकडे बघत म्हणाले. "कळवतो."

सराफ गेले. मी कप उचलायला आले आणि कधी नव्हे ते बोलले. "नाना, मी टाकलं होतं."

"माहीत आहे गं."

"मग?"

नाना खुर्च्यांकडे बघत बसले. म्हणाले, "ठकीचं ठरलं, की मग रविवारी कोण येणार?"

मी कप आत नेले. धुताना बोलून गेले, "पण मग ती मालखान्यात जाईल, नाना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सराफांना फोन केला. पोलिसांची परवानगी, कागदपत्रं, सगळं रीतसर झालं. नेताना नानांनी फलाटीण दिली, तेलाची बाटली दिली, साडीची पिशवी दिली. सराफ म्हणाले, "नाना, निवडणुकीला हिला माहेरी सोडायला तुम्हीच यायचं. मी गाडी पाठवेन."

"शिस्तीत न्या," एवढंच नाना म्हणाले.

पुढच्या रविवारी समोरून काहीच आवाज नव्हता. मी पोहे केले, वर लिंबाची फोड ठेवली आणि निघाले. नानांचं दार उघडंच होतं. दाढी केलेली. खुर्च्या मांडलेल्या. दर वेळी मी सरळ स्वयंपाकघरात जायची. ह्या वेळी बघायला येणारे बसायचे त्या खुर्चीवर बसले.

नानांनी चष्मा लावला. पाठ ताठ केली.

"लायसन?"

"नाही."

"राग येतो का?"

"येतो."

"कुणाचा?"

"माझ्या कुकरला 'शिस्तीत' म्हणणाऱ्यांचा."

नाना इतके हसले की भिंतीवरची कुलपं हलली असतील. मग उठून स्वतः चहा करायला आत गेले. पुष्कळ वेळ डबे आपटल्याचे आवाज येत होते. कप घेऊन आले तेव्हा तो बशीत नाचत होता. निम्मा चहा बशीत सांडलेला.

मी बशीतून घोट घेतला. आलं घातलेलं होतं, जाडंभरडं, थरथरत्या हातानं ठेचलेलं.