क्लचमास्तरांचे पाय

"फी भरते, पण आधी तुमचं लायसन्स दाखवा," गाडी शिकायला आलेल्या बाई म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि आयुष्यभर त्यांनी कुणाच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता.

मास्तर मनापासून हसले. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच गाडी शिकवली होती. शेजारच्या सीटवर बसून ते "क्लच! अरे क्लच!" असं इतक्या जोरात ओरडत, की रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा दचकून पाय दाबत. त्यांचं खरं नाव आता फक्त दुकानाच्या पाटीवर उरलं होतं. लोकांसाठी ते क्लचमास्तर होते. त्यांनी पाकिटातून लायसन्स काढलं आणि ऐटीत टेबलावर टाकलं.

बाईंनी चष्मा लावला. "हे तर कधीच संपलंय."

येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कागदपत्रं तपासत जा' असं बजावणाऱ्या मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वाहन कार्यालयात चौकशी केली तेव्हा कळलं, की मुदत टळून फार काळ लोटल्यामुळे आता साधं नूतनीकरण होणार नाही, नवशिक्यासारखी परीक्षाच द्यावी लागेल. शिवाय महिनाअखेरपर्यंत लायसन्स हातात आलं नाही, तर ड्रायव्हिंग स्कूलला कुलूप लागेल.

"त्यात काय एवढं?" बायको म्हणाली. "तुम्ही तर झोपेतसुद्धा गाडी चालवाल."

"झोपेत चालवीनच गं. पण परीक्षा जागेपणी आहे ना!"

बोलले चेष्टेने, पण मनात धास्ती होतीच. त्यात परीक्षा घेणारे साहेब म्हणजे मास्तरांचाच जुना विद्यार्थी. शिकत असताना मास्तरांच्या ओरडण्याला कंटाळून हा गृहस्थ एकदा भर रस्त्यात स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला होता. तो आता काय उट्टं काढेल, याची मास्तरांना कल्पनाही करवेना.

मास्तरांची मुलगी फिजिओथेरपी शिकत होती. मेंदू आणि स्नायू हा तिचा आवडता विषय. बाबांचा घास हातातच राहिलेला पाहून तिने धीर द्यायला घेतला.

"बाबा, घाबरू नका. गाडी चालवणं तुमच्या लहान मेंदूत पार मुरलंय. तो आपला मुकाट्याने काम करतो. माणसाला काळजी वाटायला लागली, की मोठा मेंदू मध्ये येतो. पाय कुठे ठेवलास, किती दाबलास, असं विचारत बसतो आणि सगळा विचका करतो. त्याला तेवढं मध्ये पडू द्यायचं नाही."

"म्हणजे थोरल्याने धाकट्याच्या संसारात नाक खुपसायचं नाही."

"अगदी बरोबर!"

समजुतीला हे फार छान होतं. पण तोवर मास्तरांना आपल्या डोक्यात थोरला आणि धाकटा असे दोघं राहतात हेच माहीत नव्हतं. ते कळलं आणि थोरला बाडबिस्तरा घेऊन धाकट्याच्या घरात मुक्कामालाच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर जिन्यात अडकले. मागून बायको कचऱ्याची पिशवी घेऊन आली.

"अहो, सरका की."

"थांब जरा. आधी कुठला पाय टाकायचा ते ठरवतोय."

"इतकी वर्षं कुठला टाकत होता?"

"तेच तर आठवत नाहीये!"

दाढी करताना हनुवटी कापली. चहाच्या कपाने बशीवर टकटक लावली. गाडीत बसल्यावर त्यांनी पहिल्यांदाच आपल्या डाव्या पायाकडे निरखून पाहिलं. क्लच सोडताना गाडी नेमकी कधी उचलते? टाच टेकलेली असताना की उचलल्यावर? जन्मभर लोकांना शिकवलेली गोष्ट त्यांना स्वतःच्या पायाला सांगता येईना. गाडीने दोन आचके दिले आणि ती भर चौकात बंद पडली. टपावर 'आत्मविश्वासाने शिका' अशी पाटी होती. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांत तीन जण त्यांचेच विद्यार्थी होते.

परीक्षेच्या दिवशी मास्तर मैदानावर गेले, गाडीचं दार उघडून आत बसले, पट्टा लावला आणि समोर बघत थांबले. बराच वेळ काहीच घडेना. मग खिडकीवर टकटक झाली. बाहेर साहेब उभे होते.

"सर, तुम्ही माझ्या जागेवर बसलाय."

सवयीने मास्तर शेजारच्या सीटवर जाऊन बसले होते. कुंपणापाशी रांगेत उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. मास्तर कान लाल करून पलीकडे गेले.

"सर, अजिबात टेन्शन घेऊ नका," साहेब म्हणाले. ते ऐकून मास्तरांनी होतं नव्हतं तेवढं सगळं टेन्शन घेतलं. गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा सुरू झाली ती बेडकासारखी उड्या मारत. मागे घेऊन दोन खुणांच्या मधे लावायची वेळ आली, तेव्हा एक प्लास्टिकचा शंकू गाडीखाली गेला तो गेलाच. फाटकापर्यंत फरफटत आला.

"पुढच्या आठवड्यात परत या, सर," साहेब खालमानेने म्हणाले. "तेव्हा शेवटची संधी."

बातमी वाऱ्यासारखी पसरली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं काहींनी तोंडावर ऐकवलं. विद्यार्थी एकेक करून गळायला लागले. मुख्याध्यापिका बाई तेवढ्या म्हणाल्या, "मी थांबते. नापास झालेल्याला मी कधी वाऱ्यावर सोडलेलं नाही." मास्तरांना धन्यवाद म्हणावं की तोंड लपवावं ते कळेना.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. कुणी म्हणालं, दीर्घ श्वास घ्या. मास्तर श्वासाकडे लक्ष देत बसले आणि ब्रेक दाबायचे विसरले. बायको म्हणाली, शेजारी मी बसले आहे असं समजा. त्याने घाम दुप्पट फुटला. मुलगी म्हणाली, "बाबा, लक्ष पायांवरून काढा आणि बाहेर कुठेतरी लावा."

"कुठे लावू?"

"कुठेही. झाडावर, ढगावर."

मास्तरांनी ढगाकडे पाहिलं आणि गाडी वाण्याच्या दुकानाच्या पायरीला टेकवली. त्या संध्याकाळी ते दुकानाची पाटी पुसत बराच वेळ स्टुलावर उभे राहिले. शिकवण्यावाचून त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि तेच आता हातचं जाणार होतं.

दुसऱ्या परीक्षेला कुंपणापाशी सगळा गाव लोटला होता. बायको आणि मुलगी एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. मास्तर यावेळी निदान योग्य दारातून आत शिरले. साहेब शेजारी बसले. गाडी रडतखडत पुढे गेली, वळणावर एकदा बंद पडली, पुन्हा सुरू झाली. आता मागे घ्यायची होती. मास्तरांनी गिअर टाकला आणि त्यांच्या डोक्यातला थोरला खेकसला, 'पाय बघ! पाय बघ!'

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांना पाय दिसला, पण तो साहेबांचा. साहेबांचा डावा पाय नसलेल्या क्लचवर दाबलेला होता, टाच हवेत होती आणि गुडघा लटलट कापत होता.

"टाच!" मास्तर गरजले.

साहेब दचकले. "क-काय, सर?"

"टाच टेकव आधी! किती वेळा सांगितलंय, टाच अधांतरी ठेवली की पाय कापणारच! आणि तो क्लच काय झुरळ आहे का असा चिरडायला? हळू सोड. हळू! मान काय खाली घालतोस? आरशात बघ. उजवा आरसा. आता डावा. सावकाश... सावकाश... थांब! हात मोकळे सोड, स्टिअरिंग काही पळून जात नाही!"

"हो सर. चुकलं सर."

"चुकलं सर म्हणून भागत नाही! रस्त्यावर चुकायला दुसरी संधी..."

मास्तर बोलता बोलता थबकले. बाहेर टाळ्या वाजत होत्या. त्यांनी खिडकीतून डोकं काढलं. गाडी दोन खुणांच्या बरोबर मधोमध उभी होती, फुटपट्टीने आखून ठेवल्यासारखी. एकही शंकू हलला नव्हता.

"कुणी लावली?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हीच, सर," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "पास."

कुंपणावरून मुलगी ओरडली, "बाबा, लक्ष दुसऱ्याच्या पायावर होतं ना, म्हणून! थोरल्याला दुसऱ्या घरी पाठवलंत तुम्ही!" बायको हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. मास्तर गाडीतून उतरले आणि भर गर्दीत, कसलाही विचार न करता, चक्क नाचले.

गर्दी काही पांगेना. साहेब मात्र आपल्या जीपपाशी चुळबुळत उभे होते. जीप भिंतीकडे तोंड करून लावलेली होती.

"साहेब, निघा की," मास्तर म्हणाले.

"निघतो. लोक जाऊ देत आधी." साहेबांनी आवाज खाली आणला. "सर, खरं सांगू? कुणी बघत असलं की मला गाडी मागे घेता येत नाही. तुमच्याकडे शिकल्यापासूनच. रोज मैदान रिकामं झालं की मगच निघतो."

मास्तरांचा चेहरा पडला. एका माणसाच्या पायातलं बळ आपण ओरडून काढून घेतलं, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. ते जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर चढून बसले.

"बस. गाडी सुरू कर. आणि मला रागव."

"काय?"

"मला रागव. पायांचा विचार नको. माझ्यावर किती राग आहे तेवढं बोल."

"छे, छे, सर. राग कसला? तुम्ही गुरू आहात." साहेबांनी चावी फिरवली. "म्हणजे, तुम्ही मला सगळ्यांदेखत गाढव म्हणालात, ते जरा... जरा नाही, फारच लागलं होतं. दोन दिवस जेवलो नव्हतो मी! आईला खोटं सांगितलं, पोट दुखतंय म्हणून. आणि माझी टाच टेकलेली असायची, सर! तुमचं लक्षच नसायचं! तुम्हाला नुसतं ओरडायचं असायचं!"

"खरं आहे," मास्तर म्हणाले. "चुकलं माझं."

"चुकलं म्हणून भागत नाही!" साहेबांनी आरशात पाहिलं, चाक फिरवलं आणि ताडताड बोलत राहिले. जीप भिंतीपासून सुटली, शंकूंच्या रांगेला वळसा घालून मागे आली आणि फाटकाकडे तोंड करून अलगद थांबली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी समाधानाने पट्टा सोडला आणि दाराला हात घातला. "झालं बघ. जमलं तुला."

"थांबा, सर," साहेबांनी पहिला गिअर टाकला. "पट्टा लावा. माझं अजून निम्मंसुद्धा बोलून झालेलं नाही."