पोटाखालचा मासा

निवृत्तीच्या समारंभात नानाभाऊंना शाल दिली, तेव्हा त्यांनी ती उजेडात धरली, उलटी केली आणि मालकांच्या हातात परत ठेवली. "फॉल्ट आहे. बदलून द्या."

पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ते कापड तपासायचे. डाग दिसला की लाल स्टिकर. डिंडोलीत ते माझे शेजारी. माझे पडदे, दोरीवरच्या चादरी, सगळं त्यांचं तपासून झालंय.

मी शाळेची मुख्याध्यापिका. यंदा शाळेच्या भिंतीवर समुद्र रंगवून घेतला. मधोमध मांटा, म्हणजे पंख पसरल्यासारखा दिसणारा भलामोठा चपटा मासा. नानाभाऊ बघायला आले.

"फॉल्ट आहे, बाई. याच्या पोटाखाली रेमोरा पाहिजे."

रेमोरा हा लहान मासा. डोक्यावरच्या चकतीनं मांटाला चिकटून समुद्रभर फिरतो. नानाभाऊंनी टीव्हीवर पाहिला होता.

पेंटर म्हणाला, "काका, वो तो दाग दिखेगा."

"जिंदगीभर दाग मैंने पकडे. तू मेरे को सिखाता है?"

सोमवारी शाळेची तपासणी होती. मी सांगून टाकलं, "भिंत झाली, नुसत्या कडा राहिल्यात. आणि फुकट फिरणारा मासा मुलांना दाखवायचा कशाला?"

नानाभाऊ एकदम चिडले. "फुकट नाही, बाई! मांटाच्या अंगावरचे किडे खातो तो. अंग साफ ठेवतो."

मग स्टूल आणून ते शिडीला टेकूनच बसले. पेंटरला शिडी हलवता येईना. दुसऱ्या दिवशीही तेच.

दुपारी त्यांचा धाकटा भाऊ बापू डबा घेऊन आला. हा नानाभाऊंबरोबर खानदेशातून आला, तो कायमचाच. नोकरी कुठं टिकली नाही. नातेवाईक त्याला तोंडावर फुकट्या म्हणतात. लग्नात फोटोच्या वेळी 'जरा बाजूला हो' म्हणतात. त्यानं भाकरी वाढली, ओलं फडकं काढलं आणि नानाभाऊंच्या मानेवर उडालेला रंग पुसायला लागला. नानाभाऊंनी जेवता जेवताच मान खाली घातली.

"आधी मिलच्या रंगखात्यात होतो, तेव्हापासून माझी मान हाच घासतो," ते म्हणाले. "मला मागचं कुठं दिसतं?"

मी पेंटरला हाक मारली. "चढ वर. काय सांगतात ते काढ."

तासाभरात मासा झाला. नानाभाऊंनी जवळून पाहिला, लांबून पाहिला. फॉल्ट निघाला नाही. मग बापूला हाताला धरून भिंतीसमोर उभं केलं.

बापू बराच वेळ बघत राहिला. "भाऊ, हाऊ ते पोटलेच चिटकना." हा तर पोटालाच चिकटला, असं तो गावाकडच्या बोलीत म्हणाला.

"मंग कोठे जाई?" नानाभाऊ म्हणाले, आणि रिकामा डबा स्वतःच उचलून चालायला लागले.