फुलं न घालता उतरलेल्या गायी

"बाबा, तुम्ही सायकलवर शेवटचे कधी बसला होतात?"

बुर्गीनं हा प्रश्न विचारला तो भर बेकरीत, पावाच्या रांगेत, सात माणसांदेखत. विचारून दाखव अशी पैज तिच्या मैत्रिणींनी, झीटा आणि लिओनीनं, लावली होती, आणि त्या दोघी बाहेर काचेला नाक लावून उभ्या होत्या. वर्षभरापूर्वीची बुर्गी असती तर "दोन पाव द्या" म्हणतानाही तिचा आवाज पिशवीतच राहिला असता. पण गेल्या महिन्यात तिच्या दातांची तार निघाली होती, आणि तेव्हापासून तिचं तोंड नुसतं मोकळं झालं नव्हतं, सुटलं होतं.

प्रश्न साधा वाटेल, पण तो गावाच्या दुखऱ्या जागेवर नेमका बसला. डोंगरावरची सायकलवाट काशियानच्या, म्हणजे बुर्गीच्या बाबांच्या कुरणातून जात होती. परवानगीच्या कागदावर शनिवारपर्यंत त्याची सही हवी होती, आणि काशियान सही करत नव्हता. सही नाही तर वाट बंद. वाट बंद तर रविवारची शर्यत रद्द. आणि त्या शर्यतीसाठी बुर्गी मे महिन्यापासून गुडघे फोडून घेत होती.

काशियानचं म्हणणं एकच होतं. सायकलवाल्यांना फाटक लावता येत नाही. कुरणाच्या फाटकावर त्यानं स्वतःच्या हातानं पाटी ठोकली होती: 'फाटक लावा. गायींना लावता येत नाही.'

"सांग की रे पोरीला," रांगेतून हेडविगबाई म्हणाल्या. सायकलवाटेच्या समितीच्या त्या अध्यक्ष. काशियानच्या दारात सहीसाठी अकरा चकरा मारून झाल्या होत्या त्यांच्या.

"सैन्यात असताना," काशियान म्हणाला. "आणि ती लोखंडाची होती. तुमच्यासारखी खेळण्यातली नव्हती."

"मग एकदा ही वाट उतरून बघा ना," बुर्गी म्हणाली. "न बघता नाही म्हणायचं नाही, असं तुम्हीच मला भोपळ्याच्या सूपबद्दल सांगता."

रांगेतल्या सगळ्या माना काशियानकडे वळल्या. पाव कापायचं यंत्रसुद्धा थांबलं. टिरोलच्या डोंगराळ मुलुखातला शेतकरी बायकोला नाही म्हणेल, पाद्रीबाबांना नाही म्हणेल, पण बेकरीच्या रांगेला नाही म्हणायची त्याची छाती नाही.

"बघतो," काशियान म्हणाला. "उद्याच बघतो. आणि मग नाही म्हणतो."

शुक्रवारी सकाळी नऊला दोघं निघाले. सायकल लिओनीच्या भावाची, बॅटरीवाली. हेल्मेट घालायला काशियाननं होकार दिला, पण डोक्यावरची हिरवी फेल्टची टोपी काढायला दिला नाही. मग हेल्मेट टोपीवरच बसवलं, आणि टोपीचं पीस कानामागून बाहेर डोकावत राहिलं.

चढताना कुरणाचं फाटक लागतं. सायकलवाल्यांचा नियम असा की जो शेवटी, तो फाटक लावतो. बुर्गी पुढे होती. तिनं फाटक उघडलं आणि पुढे गेली. मागून काशियान आला. गेली तीस वर्षं तो या फाटकातून वर जायचा तो गायी आणायला. जाताना उघडं ठेवायचं, येताना गायी बाहेर पडल्या की त्यांच्यामागून लावायचं. हाताला तेवढंच ठाऊक. त्यानं आपल्या पाटीकडे कौतुकानं एक नजर टाकली आणि तो पुढे निघून गेला.

आज मात्र तो या फाटकातून परत येणार नव्हता. सायकलींचा उतार जंगलातून, डोंगराच्या दुसऱ्या अंगानं गावात येतो.

सप्टेंबर लागला की गायींना घराची ओढ लागते. वाल्ली ही कळपाची पुढारी. तिनं उघडं फाटक पाहिलं, थोडा विचार केला, आणि चालू लागली. मागून सोळा जणी.

साडेअकराच्या सुमारास सतरा गायी मुख्य रस्त्यानं गावात शिरल्या. हॉटेलच्या गच्चीवरच्या दोन पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पण समोरच्या आजीबाईंना छातीवर क्रॉस काढताना पाहून त्यांचे हात हवेतच राहिले.

कारण गायींच्या डोक्यावर फुलं नव्हती. उन्हाळा संपवून गायी डोंगरावरून खाली येतात त्या डोक्यावर फुलांचे मुकुट मिरवत, मोठ्या घंटा वाजवत. फुलं न घालता उतरतात त्या फक्त अशाच वर्षी: वर कुणीतरी दगावलेलं असतं तेव्हा.

"गाय गेली असेल एखादी," बेकरीवाला म्हणाला.

गायी मोजल्या. सतरा. पुन्हा मोजल्या. सतराच.

"म्हणजे माणूस," बेकरीवाला म्हणाला, आणि त्यानं डोक्यावरची पांढरी टोपी काढली.

काशियानचा फोन लावला. तो अंगणातल्या ट्रॅक्टरमध्ये वाजला. बुर्गीचा लागेना, कारण जंगलात रेंज कधीच नसते. बुर्गीची आई आगाथा चादरी वाळत घालत होती. तिच्या दारात माणसं जमू लागली, दुःखाच्या घरी नेतात तसा प्रत्येकाच्या हातात केक.

"गेला कुठे होता तो?" हेडविगबाईंनी हळूच विचारलं.

"सायकलवर," आगाथा म्हणाली.

अंगणातल्या सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या.

"अहो, काही झालेलं नाही त्याला," आगाथा म्हणाली. "बाराला जेवायला येईल. तीस वर्षांत बाराचे सव्वाबारा केले नाहीत त्यानं."

बारा वाजले. सव्वाबारा झाले. आगाथा हातातली चादर घेऊन पायरीवर बसली. आणि चर्चचा घंटावाला आलोइस, जो लग्नाच्या वेळी हमखास उशीर करतो, तो मयताची घंटा वाजवायला मात्र धावतच गेला.

त्या वेळी काशियान एका झुडपात होता. हे त्याचं सातवं झुडूप. बुर्गी बारा मिनिटांत उतरायची ती वाट त्याला दोन तास पुरली होती, त्यातला बराच वेळ सायकल त्याच्यावर बसून उतरली होती. तिसऱ्या वळणावर तर तो, सायकल आणि टोपीचं पीस तीन वेगवेगळ्या दिशांना गेले होते.

"बाबा, पुढचा ब्रेक दाबू नका म्हटलं ना."

"मी दाबत नाहीये. मी धरून बसलोय त्याला."

इतक्यात खालून घंटा ऐकू आली. सावकाश, एकेक ठोका. काशियान झुडपातून उठला, हेल्मेट काढलं, टोपी काढली, मान झुकवली.

"गेलं कुणीतरी," तो म्हणाला. "सुटला बिचारा." आणि त्यानं मनापासून एक प्रार्थना म्हटली.

गावात शिरले तेव्हा सायकल खांद्यावर होती. आपल्याच घराच्या अंगणात गर्दी पाहून दोघं लाकडांच्या ढिगाआड थबकले. समोर वाल्ली आईच्या धुतलेल्या उशीचा अभ्रा चघळत उभी होती. बुर्गीनं वाल्लीकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, केकांकडे पाहिलं, आणि बाबांची बाही ओढली.

"बाबा, तुम्ही फाटक..."

"गप. हेडविग माझ्याबद्दल बोलतेय."

हेडविगबाई खरंच बोलत होत्या. "हट्टी होता. पण न्यायी होता."

"ऐकलंस? न्यायी," काशियान कुजबुजला.

"आणि एक सांगते. त्या माणसानं जन्मात एकदाही फाटक उघडं टाकलं नाही. आज आमच्याच कुणा सायकलवाल्यानं टाकलं असणार, आणि गुरांमागे धावताना बिचारा कुठेतरी..." हेडविगबाईंनी डोळे पुसले. "कागद मी फाडून टाकते. ती वाट आजपासून बंद. त्याचीच तशी इच्छा होती."

काशियानचे कान हळूहळू लाल होत गेले. त्याला हवं होतं ते सगळं फुकटात मिळत होतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि थोडा वेळ मेलेलं राहायचं होतं.

 बुर्गीच्या नव्या सुटलेल्या तोंडाला एवढा वेळ बंद राहणं फार जड गेलं. ती नुसती बाबांकडे बघत राहिली.

काशियाननं सायकल खाली ठेवली आणि तो ढिगामागून बाहेर आला.

"बाकीचं सगळं राहू दे," तो म्हणाला. "तेवढं फाटकाचं वाक्य काढ, हेडविग. आज ते उघडं मीच टाकलं."

चादर टाकून आगाथा उठली. तिनं आधी त्याच्या गालाला हात लावला, मग तोच गाल चांगला जोरात ओढला. "टोपीवर हेल्मेट घालतात होय रे?" एवढंच तिला बोलता आलं. केक कुणी परत नेले नाहीत, पण आणणाऱ्यांनीच ते कापून खाल्ले, आणि कागद हेडविगबाईंच्या पिशवीतून पेनासकट बाहेर आला. काशियाननं सही केली. चिखलानं भरलेल्या अंगठ्याचा ठसाही सोबत उमटला.

माणसं गेली. स्वयंपाकघरात तिघंच उरली.

"सही केली ती गावासाठी," काशियान टाचेवर बर्फ धरत म्हणाला. "तू नाही उतरायचंस रविवारी. ते तिसरं वळण मी नुसतं पाहिलं नाही, चाखलंय."

"आणि मी तासभर विधवा होते," आगाथा म्हणाली. "तेवढं पुरे मला."

बुर्गीनं ताटलीतला केकचा शेवटचा तुकडा संपवला. तोंड भरलेलं असताना ठरवलेल्या गोष्टी सांगू नयेत, असं तिचं नवं मत होतं.

"बाबा, तुम्ही वाट बघितलीत. मला उतरताना बघितलंत का?"

"मी झुडपात होतो."

"तेच. तर मी ठरवलंय. रविवारी मी उतरणार. आई, तू तिसऱ्या वळणावर उभी राहा, म्हणजे तुला दिसेल. बाबा, तुम्ही फाटकापाशी." ती उठली आणि दारापाशी जाऊन वळली. "आणि शनिवारी सतराही गायींना फुलं बांधून ठेवायची. फाटक उघडं राहिलंच, तर निदान या वेळी कुणी केक आणणार नाही."