शेवटच्या गाडीचं पॉलिश

काशीभाऊ भेरे गाडी बघत नाहीत, चाचपतात. तुम्ही गाडी घेऊन त्यांच्या शेडसमोर उभे राहिलात, तर ते तुमच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. खिशातून एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी काढतील, ती उजव्या हातात मोज्यासारखी चढवतील, डोळे मिटतील आणि बॉनेटवरून हात फिरवतील. गाभण म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा, सावकाश. पिशवी घातली की रंगात रुतलेला बारीकसा कणही बोटांना लागतो, असं त्यांचं म्हणणं. मग डोळे उघडून निदान सांगतात. माझ्या गाडीचं पहिलं निदान मला अजून आठवतं.

"रंग उपाशी हाय, सर."

मी शेणव्याजवळच्या एका शाळेत मराठी शिकवतो. गाडी तिसऱ्या हातची, रंगाने लाल होती असं कागदपत्रांवर लिहिलेलं. मी विचारलं, "उपाशी म्हणजे?"

"त्याला खायला कधी घातलंय काय तुमी? ऊन खातोय, धूळ खातोय. वर रोज सकाळी फडक्यानं झटकताय."

"मग धूळ झटकायची नाही?"

"सुकी धूळ फडक्यानं पुसली म्हणजे पॉलिश पेपर घासला." त्यांनी एक हातभर लांबीची ट्यूबलाइट पेटवून बॉनेटजवळ धरली. कोळ्याच्या जाळ्यासारख्या हजार बारीक रेघा गोल गोल उमटल्या. "बघा. ही सगळी तुमची सही हाय."

काशीभाऊंनी कल्याणच्या एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये आयुष्याची उमेदीची वर्षं काढली. नंतर गावाकडे परत येऊन रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. पाटीवर फक्त 'पॉलिश व सील' एवढंच. पॉलिश म्हणजे रेघा काढून रंग आतून वर आणायचा, आणि सील म्हणजे त्यावर असा थर द्यायचा की पाणी, चिखल, गंज काही धरू नये. लोक पॉलिशसाठी येत, पण काशीभाऊंचा जीव सीलमध्ये. तीन थर देत. दोन थरांमध्ये शेडचं दार बंद, आत कुणी बोलायचंही नाही. बोलताना थुंकी उडते.

मला ते मधूनमधून परीक्षेला बसवत. "सर, फडकं जमिनीवर पडलं तर काय करायचं?"

"झटकून घ्यायचं."

"नापास. ते फडकं त्या गाडीपुरतं मेलं."

एकदा किन्हवलीला एका लग्नात आम्ही एका पंगतीत होतो. मांडवाबाहेर नवरदेवाची गाडी सजवून उभी होती. पोरांनी फुलं थेट बॉनेटवर चिकटपट्टीने चिकटवली होती. काशीभाऊंची नजर तिकडे गेली आणि जिलबी अर्धी टाकून ते उठले. उन्हात तापलेल्या रंगावरून एकेक पट्टी नखाने, कोमट पाण्याने सोडवत बसले. वरात तासभर खोळंबली. नवरीचे काका संतापून धावून आले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "नवरी कुठं जात नाय. रंग जाईल."

तर असे काशीभाऊ. मुलगी मुरबाडला दिलेली, बायको पूर्वीच गेलेली. घरी एकटे. शेडमध्ये दिवसभर आणि घरी झोपायला.

गेल्या वर्षी गावाला एका दानशूर माणसाने शववाहिनी दिली. तिचं नाव कुणी घेत नसे, सगळे 'ती गाडी' म्हणत. ग्रामपंचायतीमागे जांभळाखाली ती उभी असे. जांभळं, पाखरांची घाण, धूळ, सगळं तिच्या पांढऱ्या रंगावर थापलेलं. लागेल तेव्हा ड्रायव्हर बादलीभर पाणी मारी आणि नेई.

काशीभाऊ ग्रामसभेत उभे राहिले. ते कधी येत नसत, म्हणून सगळे वळून बघू लागले.

"ती गाडी माझ्याकडं द्या चार दिस. पॉलिश करून सील मारतो. माझ्याकडून."

सरपंचबाई समजूतदार, पण त्यांनाही हसू आवरलं नाही. "काशीभाऊ, त्या गाडीला चकाकी कशाला? बसणारा काय बघणार हाय?"

"आपला माणूस जन्मभर जीपला लटकून मुरबाडला जातो," काशीभाऊ म्हणाले. "एक दिस पुरी गाडी त्याच्या एकट्याची असते. ती तरी धड नको?"

यावर हसायचं की नाही, कुणालाच कळलं नाही. ठराव न करताच गाडी त्यांच्या शेडमध्ये गेली.

चार दिवस ते तिच्यात बुडाले. रंग धुतला, पाखरांच्या घाणीने पडलेले चट्टे मशीनने काढले. पण बाहेरच्यापेक्षा जास्त वेळ आतच होते. ज्या लोखंडी पाळण्यावर मृतदेह ठेवतात, त्याच्या खालचा पत्रा, रूळ, कडा, सगळा गंज त्यांनी बारीक पॉलिश पेपरने हातानेच खरवडला आणि वर सील दिलं. गाडी जांभळाखाली परत आली तेव्हा तिच्यात झाड उलटं दिसत होतं. माणसंही दिसत. त्यामुळे वेगळीच पंचाईत झाली. त्या गाडीत आपला चेहरा दिसतो म्हणून बायका पदर पुढे ओढून पलीकडच्या कडेने जाऊ लागल्या.

त्यानंतर दर पंधरवड्याला आणि प्रत्येक फेरीनंतर काशीभाऊ तिला पुसायला जात. हे पसरायला वेळ लागला नाही. शहापूरचे एक कंत्राटदार नवी कोरी काळी गाडी सीलसाठी घेऊन आले होते. उजवी बाजू झाली होती, डावी व्हायची होती. मी तिथेच बाकावर बसलो होतो.

"तुमी त्या गाडीला हात लावता म्हणं?" कंत्राटदारांनी विचारलं.

"लावतो."

"आणि तेच हात माझ्या गाडीला?"

काशीभाऊंनी हात उलटसुलट करून पाहिले. "दुसरे नायत माझ्याकडं."

कंत्राटदार गाडी तशीच घेऊन गेले. गिऱ्हाईक गेल्याचं काशीभाऊंना फारसं वाटलं नाही. अर्धी गाडी गेली, याचं वाटलं. पुढे ती मुरबाडच्या बाजारात दिसली की ते मान फिरवत.

पण गिऱ्हाईक तुटत चाललं होतं, हे खरं. फार्महाउसवाल्यांच्या गाड्या येईनाशा झाल्या. गावात कुणी नवी गाडी घेतली, तर ती काशीभाऊंकडे न्यायची नाही अशी घरचेच शपथ घालत. मी म्हटलं, "सांगा ना, फडकी वेगळी आहेत म्हणून."

"फडकी वेगळीच हायत. पण मी तसं सांगितलं म्हणजे तिथं काय घाण असते असं झालं." मग म्हणाले, "घाण नसते तिथं, सर."

मुलगी मुरबाडहून येऊन रडली, भांडली. "बाबा, दुसरा कुणी करील ते."

"कोण?" एवढंच त्यांनी विचारलं. जाताना ती मला म्हणाली, "सर, तुमी तरी सांगा त्यांना." मी मान हलवली आणि काही सांगितलं नाही.

श्रावणात माझे वडील गेले. शहापूरच्या दवाखान्यात, सकाळी. अप्पा शेतकरी माणूस, पण गावात जाताना पांढराशुभ्र लेंगा-सदरा लागायचा. चिखलातून चालतानाही सदऱ्याला ठिपका लागू द्यायचे नाहीत. मी पंचायतीत फोन केला. गाडी आली तेव्हा ड्रायव्हरशेजारी काशीभाऊ बसलेले होते. ते उतरले, मागचं दार उघडलं, आतला पत्रा एकदा कोरड्या फडक्याने पुसून घेतला आणि अप्पांना उचलायला आमच्याबरोबर वाकले. पाऊस होता, आमच्या गावचा शेवटचा रस्ता म्हणजे नुसता राडा. त्या दिवशी मी काय पाहिलं, काय नाही, मला सांगता येणार नाही.

तेराव्यानंतर एका दुपारी आई आपणहून म्हणाली, "यांची चादर किती पांढरी राहिली रे. एवढ्या पावसात. मी उतरवताना बघत होते, कुठं गंज नाय, ओल नाय. ती गाडी कोण पुसतं?"

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेलो. काशीभाऊ एकटेच होते, बादलीत फडकी धूत. मी आभार मानायला गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"काशीभाऊ, हे का करता?"

त्यांनी मान वर केली नाही.

"सुमन कल्याणच्या दवाखान्यात गेली," ते म्हणाले. सुमन म्हणजे त्यांची बायको. "गाडी मिळंना. सळया वाहणारा टेम्पो मिळाला. तिच्या भावानं नवी हिरवी साडी आणली होती, ती नेसवली. सवाष्ण गेली ना. मी मागं तिच्यापाशी बसलो. आसनगाव गेल्यावर बघतो तर खांद्याला हा एवढा डाग. ग्रीस नि गंज."

त्यांनी ओल्या बोटांनी आपल्याच खांद्यावर जागा दाखवली.

"मी पुसायला लागलो. माझं कामच ते, सर. लोकांच्या गाड्यांचे कसले कसले डाग काढलेत मी. रुमालानं पुसलं, पाणी लावलं, साडीच्याच पदरानं पुसलं. घर येईपर्यंत पुसत होतो. गेला नाय. उलट पसरला. तसंच नेलं तिला."

रस्त्यावरून एक जीप गेली. काशीभाऊंनी बादलीतून पुढचं फडकं काढलं.

"अप्पांच्या चादरीला काय लागलं नाय ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पायाकडं? तिथं पत्र्याची एक कड हाय, तिच्यावर सील धड बसत नाय. मला त्या दिशी तीच काळजी होती."

"काही लागलं नव्हतं, काशीभाऊ. आईने नीट पाहिलं होतं."

"त्यांनी पाहिलं?"

"स्वतः."

"मंग ठीक," ते म्हणाले, आणि हातातलं फडकं पिळत राहिले. त्यातून पाणी यायचं केव्हाच थांबलं होतं.