रवंथ थांबला की आमेन

शमुवेल पाळक दर शनिवारी संध्याकाळी आमच्या म्हशीला प्रवचन द्यायचे. खोटं वाटेल, पण गोठा माझा, म्हैस माझी आणि वैरण टाकायला मीच उभा, तेव्हा साक्षीला दुसरा कुणी नको.

खोडदला रेडिओ-दुर्बिणीच्या त्या भल्यामोठ्या तबकड्या उभ्या राहिल्या, त्याच सुमाराला हे बदलून आले. नगरकडचे, एकटेच. पत्र्याचं छोटं चर्च, पाच-सहा घरांची मंडळी आणि चर्चच्या भिंतीला लागून आमचा गोठा. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, शेण चुकवत चुकवत यायचे आणि चंद्रीपुढं उभे राहायचे. चंद्री म्हणजे आमची म्हैस. बसल्या बसल्या रवंथ करणारी.

एक वाक्य बोलायचं आणि चंद्रीच्या जबड्याकडं बघायचं. जबडा चालूच राहिला तर "पडलं!" म्हणून वाक्य कटाप. जबडा थांबवून तिनं कान हलवला की "धरलं! आमेन!" आणि ते वाक्य रविवारी मंडळीपुढं.

"अवो पाळकसाहेब," मी एकदा म्हटलं, "तिच्या कानावर गोमाशी बसली व्हती, म्हणून थांबली ती."

"दत्तूभाऊ, गोमाशी कुणी पाठवली? देवानंच ना?"

एकदा ते 'नीतिमत्त्व' या शब्दावर बराच वेळ बोलले. चंद्री उठली, पाठ फिरवली आणि भदाभदा शेण टाकलं. पाळकांनी अख्खा मुद्दाच सोडून दिला.

हरवलेल्या मेंढराची गोष्ट त्यांची लई आवडती. चंद्रीनं ती बिनविरोध पास केली होती. त्या रविवारी मीही चर्चच्या दाराशी ऐकत उभा राहिलो. पाळक रंगात आले. मेंढपाळ शंभरातल्या त्या एका मेंढरासाठी निघाला म्हणाले, तोच पहिल्या बाकावरचे योहानबाबा उठले.

"पाळकसाहेब, हा एकाला हुडकाया गेला, मग ऱ्हायलेली नव्व्याण्णव कुणाच्या भरवशावर?"

"देवाच्या, बाबा."

"आन् शेजारी ऊस व्हता का?"

झालं! ऊस म्हटलं की आमच्याकडं बिबट्या आलाच. मंडळी खडबडून जागी झाली. कुणाची शेळी गेली, कुणाचं कुत्रं गेलं, सगळं निघालं. शेवटचं गीत राहिलं बाजूला आणि पिंजरा कुठं लावायचा यावर एकमत होऊन उपासना सुटली.

"त्या तबकड्यांना तारे ऐकू येतात," पाळक गोठ्यात येऊन कळवळले, "आणि माझं बोलणं पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही!"

पुढच्या वेळी त्यांनी पक्का बंदोबस्त केला. मेंढपाळानं आधी वाघूर लावली, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी. दोन कुत्री बांधली. राखणीला मेहुण्याला बोलावलं. मेहुणा यायलाच अर्धा तास लागला. त्या नादात हरवलेलं मेंढरू हरवलेलंच राहिलं.

पुढं चंद्री भाकड झाली. बेल्ह्याच्या बाजारात विकायचं ठरवलं आणि पाळकांना तसं सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला.

"दत्तूभाऊ, नाताळपर्यंत तरी थांबा."

"अवो, दुसरी आणतो की!"

ते तसेच पेंडीच्या पोत्यावर बसले. इस्त्रीच्या सदऱ्याची फिकीर न करता बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

"आमची सुगंधा, माझी बायको, तांदूळ निवडत बसायची," ते म्हणाले. "मी समोर उभा राहून बोलायचो. तिची बोटं चालू राहिली की वाक्य खोडायचं, थांबली की ठेवायचं. चांगलं-वाईट तोंडानं कधी बोलली नाही. ती गेली आणि मी बदली मागून घेतली. इथं आलो, तर पहिल्याच दिवशी तुमची चंद्री बसलेली दिसली. शांत, मान खाली घालून." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हसा, हसण्यासारखंच आहे."

मला कुठलं हसू येतंय!

पण म्हैस विकलीच. भाकड जनावर पोसायची आमची ऐपत नव्हती. शनिवारी पाळक सवयीनं आले आणि मोकळ्या खुंट्यापुढं उभे राहिले. मी बियाण्याच्या शेंगा फोडत बसलो होतो.

"बोला," मी म्हटलं. "मी हाय की."

त्यांनी पुन्हा तेच मेंढरू काढलं. मी शेंगा फोडत होतो. "पडलं," ते मधूनच पुटपुटायचे आणि पुढं जायचे. वाघूर गेली, कुत्री गेली, मेहुणा तर आलाच नाही.

"मेंढपाळ मेंढरू खांद्यावर घेऊन घरी आला," ते म्हणाले. "सापडलं गं, म्हणून हाक मारली. पण दार उघडायला घरात कुणीच नव्हतं."

माझा अंगठा शेंगेवर तसाच राहिला.

पाळक माझ्या हातांकडं बघत होते. "धरलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"धरलं."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. म्हणून आमेन मीच म्हटलं.